रक्ताचा थेंब कोणी पाहिला?

गेल्या ज्येष्ठात आमच्या आळीतील एका मावशीची गाय मेली. गाय संकरित, दोन वेळचे मिळून चौदा-पंधरा लिटर दूध देणारी, आणि बचत गटाचे कर्ज काढून घेतलेली. मावशीस मालक नाही. दोन एकर कोरडवाहू जमीन, तीत कापूस व सोयाबीन, आणि दावणीला ही एक गाय, एवढाच तिचा संसार. मुलीचे बारावीचे वर्ष, किराणा, दवाखाना, सारे त्या एका कासेवर चालले होते. सोमवारी गाईने वैरण सोडली. अंग तव्यासारखे तापले, डोळ्यांतून पाणी गळू लागले, धाप लागली, दूध आटले. पहिला दिवस घरच्यांनी दृष्ट काढण्यात व एका जाणत्याकडून अंगारा आणण्यात घालविला. दुसऱ्या दिवशी एक सुई मारणारा आला. त्याने तापाची एक आणि दुसरी कसलीशी एक अशा दोन सुया दिल्या, पैसे मोजून घेतले व फटफटी काढून गेला. तिसऱ्या दिवशी आणखी एक आला. त्याने सलाईनची बाटली लावली. चौथ्या दिवशी पहाटे गाईने मान टाकली.

मावशी ओट्यावर बसली होती. आम्ही भेटावयास गेलो तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, तुम्ही एवढी बुकं वाचता. मला एवढंच सांगा, माझी गाय कशानं मेली?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. खरे सांगावयाचे तर ते आता कोणासच देता येणार नाही. तीन माणसे त्या गाईपाशी येऊन गेली, तिघांनी तीन उपाय केले, पण एकानेही तिच्या रक्ताचा एक थेंब काचेवर घेतला नाही. रोग कोणता हे न पाहताच औषध दिले गेले. आंधळ्याने काठी फिरवावी आणि साप मेला तर मेला, न मेला तर नशीब, यातलाच हा प्रकार नव्हे काय?

गाय ओढून नेण्यापूर्वी आम्ही तिच्या कानामागे, मानेखाली व कासेजवळ हात फिरवून पाहिले. तेथे काय होते हे शेतकरी बंधूंस सांगावयास नको. गोचीड! काही मुगाच्या दाण्याएवढे, काही फुगून एरंडाच्या बीसारखे झालेले. पुढच्या पायाच्या वर, खांद्यासमोर, कातडीखाली अंड्याएवढी गाठ हातास लागली. ही गाठ तीन दिवस तेथेच होती. तिच्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही, आमचेही नाही. आम्ही रोज सकाळी त्या दारावरून शाळेस जातो, हे येथे कबूल केले पाहिजे.

गोचीड रक्त पितो एवढे आपणांस ठाऊक आहे. म्हणून तो दिसला की आपण तो ओढून काढतो, दगडाने ठेचतो, नाही तर रॉकेल फासतो. परंतु तो रक्त पितो ही त्याची लहान चोरी. त्याची मोठी करणी अशी की रक्त पिता पिता तो आपल्या थुंकीतून जनावराच्या अंगात रोगाचे जंतू सोडतो. हे जंतू डोळ्यांस दिसत नाहीत, आणि जे डोळ्यांस दिसत नाही त्यावर भरवसा ठेवावयाचा नाही, अशी आमच्या लोकांची जुनी खोड आहे. गंमत अशी की न दिसणारी दृष्ट मात्र आम्हांस चटकन पटते!

गोचिडामुळे रोग होतो हे प्रथम कोणी ओळखले, ही हकीकत आपण सर्वांनी ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेत दक्षिणेकडील टेक्सास प्रांतातून गुरांचे कळप हाकत उत्तरेकडे नेत. ही दक्षिणेची गुरे स्वतः धडधाकट असत. पण ज्या कुरणांतून ती जात, तेथील उत्तरेकडील गुरे काही आठवड्यांनी तापाने फणफणून, लाल मुतून मरत. गुराखी म्हणू लागले की हा सारा गोचिडाचा खेळ आहे. शिकलेले लोक हसले. अडाणी गुराख्यास रोगाचे काय कळते! पुढे १८८९ साली थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न या दोघा शास्त्रज्ञांनी हसणे सोडून पाहण्याचे ठरविले. त्यांनी कुंपण घालून शेते वेगळी केली. एका शेतात दक्षिणेची गुरे गोचिडांसह ठेवली व त्यांत उत्तरेची गुरे सोडली. दुसऱ्या शेतात तशीच दक्षिणेची गुरे, पण त्यांच्या अंगावरचा एकेक गोचीड हाताने वेचून काढलेला. तिसऱ्यात दक्षिणेचे जनावर एकही नाही, नुसते गोचीड गवतावर टाकलेले. पहिल्या व तिसऱ्या शेतात उत्तरेची गुरे आजारी पडली. दुसऱ्यात ती खुशाल चरत राहिली. एवढ्यावर न थांबता स्मिथने प्रयोगशाळेत गोचिडाची अंडी उबवून निघालेली पिल्ले निरोगी गाईच्या अंगावर सोडली, आणि तिलाही ताप आला. १८९३ साली हा निकाल छापून निघाला. किडा चावून रोग पसरतो याचा असा पक्का पुरावा जनावरांच्या रोगात हा पहिलाच. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात रॉसने पाहिले ते त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ साली, सिकंदराबादेत. म्हणजे आमचा जालना मुलूख ज्या निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत होता त्याच राज्यात.

गुराखी बरोबर होते. पण नुसते म्हणणे पुरत नाही, ते पडताळून दाखवावे लागते, आणि पडताळण्यास कुंपण, काच व सूक्ष्मदर्शक लागतो. प्रयोगशाळा म्हणजे तरी दुसरे काय? गुराख्याची शंका धरून बसलेली व उत्तर मिळेपर्यंत न उठणारी जागा.

आता हीच गोष्ट आपल्या गोठ्यात आणून पाहा. आपली गावरान, लाल कंधारी किंवा देवणी गाय पिढ्यान्‌पिढ्या या गोचिडांत वाढली. तिच्या रक्तात थोडेफार जंतू असले तरी ती सहसा डगमगत नाही. ती म्हणजे टेक्सासची गाय. आणि दुधासाठी आणलेली संकरित गाय ही उत्तरेची गाय. तिच्या बापाच्या घराण्यास हा ताप कधी ठाऊक नव्हता. दोघी एका दावणीस बांधल्या, भिंतीत गोचीड आहेतच, मग कोणती मरणार हे सांगावयास ज्योतिषी कशास पाहिजे?

आमच्या भागात गोचीड मुख्यतः दोन तऱ्हांचे आढळतात, व त्यांच्या सवयी निराळ्या आहेत. एक लहान, फुगल्यावर निळसर-राखाडी दिसणारा. शास्त्रात त्यास रिपिसेफॅलस मायक्रोप्लस म्हणतात. याची पिल्ले गवतावर दबा धरून बसतात, जनावर आले की चढतात, आणि सुमारे तीन आठवडे त्याच जनावरावर राहून मोठी होतात. पोट भरलेली मादी खाली पडते, दोन-तीन हजार अंडी घालते व मरते. लाल मुतण्याच्या तापाचे, म्हणजे बबेसियाचे, जंतू या मादीच्या अंड्यांतून पिल्लांतही उतरतात. आईचे कर्ज लेकराच्या डोक्यावर! दुसरा मोठा, तपकिरी, पायांवर फिकट कड्या असलेला. त्याचे नाव हायलोमा. हा सारा जन्म जनावरावर काढीत नाही. लहानपणी रक्त पिऊन खाली उतरतो, गोठ्याच्या भिंतीच्या भेगेत, दगडांच्या सांदीत, गव्हाणीच्या लाकडाखाली शिरून कात टाकतो, आणि मोठा होऊन पुन्हा गाय गाठतो. संकरित गाईंचा काळ असलेला थायलेरियाचा ताप हाच आणतो. लहानपणी आजारी जनावराचे रक्त पितो, मोठेपणी निरोगी जनावरास रोग देतो.

म्हणून गाईवर औषध फवारले आणि भिंत तशीच ठेवली तर अर्धी फौज किल्ल्यात सुखरूप राहिली असे समजावे. जुन्या मातीच्या गोठ्याच्या भेगा बुजवून चुना मारावा, कोपऱ्यातील शेण-केर हलवावा, दगडी सांदीवर सांभाळून ज्योत फिरवावी (कडबा व छप्पर दूर आहे ना, हे आधी पाहावे). गोठ्यात मोकळी फिरणारी कोंबडी गोचीड वेचून खाते, ही तर फुकटची मजूर.

आणखी एक गोष्ट प्रयोगशाळेने दाखविली आहे, ती घरोघर सांगण्यासारखी आहे. थायलेरियाचे जंतू गोचिडाच्या थुंकीच्या पिंडात असतात खरे, परंतु गोचीड चिकटल्याबरोबर ते टोचण्याजोगे तयार नसतात. तो रक्त पिऊ लागला की दोन-तीन दिवसांत ते पिकतात. हे कसे कळले? सशाच्या कानाला कापडी पिशवी बांधून तीत गोचीड सोडतात, रोज काही काढून सुईसारख्या बारीक हत्यारांनी त्यांची थुंकीची पिंडे बाहेर घेतात, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हे कंटाळवाणे काम कोणीतरी बसून केले, म्हणून आज आम्ही आमच्या आई-बहिणींस सांगू शकतो की रोज धार काढावयाच्या आधी कानामागे, मानेखाली, कासेवर, शेपटीच्या मुळाशी हात फिरवा व नवा चिकटलेला गोचीड त्याच दिवशी काढा. आज काढलेला आणि चार दिवसांनी काढलेला, यांत गाईच्या जिवाचे अंतर आहे.

मात्र काढलेला गोचीड नखाने चिरडू नये. आमची शाळेतील पोरे गोचीड दगडावर ठेवून फोडतात व रक्ताची चिळकांडी उडाली की हसतात. आम्हीही लहानपणी तेच केले आहे. परंतु २०११ साली गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यात क्रायमिन-काँगो नावाच्या रक्तस्रावी तापाने माणसे दगावली, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासून तो रोग ओळखला. तो हायलोमा जातीच्या गोचिडांतून व आजारी जनावरांच्या रक्तातून माणसास होतो. तसेच १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली व माणसे तापली, तेव्हा याच पुण्याच्या संस्थेने (त्या वेळचे नाव विषाणू संशोधन केंद्र, स्थापना १९५२) जंगलातील गोचीड गोळा करून, वाटून, लहान उंदरांत टोचून रोगाचा विषाणू हाती धरला. तोच माकडताप २०१६ साली आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात दिसला. आमच्या जालन्यात हे रोग आहेत असे आम्ही म्हणत नाही, उगाच भीती घालणे आमचे काम नव्हे. पण हातात फडके किंवा प्लास्टिकची पिशवी घालून, चिमट्याने धरून गोचीड काढण्यास व साबणाच्या पाण्याच्या किंवा रॉकेलच्या डब्यात टाकण्यास काही खर्च येतो काय?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. गोचिडापासून येणारे ताप आमच्याकडे मुख्यतः तीन. तिन्हींत जनावर तापते, खाणे सोडते, दूध आटते. वरून पाहता तिघे भाऊ एकाच चेहऱ्याचे. पण तिघांची औषधे तीन निराळी. थायलेरियास बुपार्व्हाकोन, बबेसियास डायमिनाझीन, आणि ॲनाप्लाझ्मास ऑक्सिटेट्रासायक्लिन. यांतील बुपार्व्हाकोन महाग. एकाचे औषध दुसऱ्यास दिले तर पैसा जातो, दिवस जातो, आणि या रोगांत दिवस म्हणजेच प्राण. लाल लघवी झाली तर बबेसियाचा संशय येतो, गाठी सुजल्या तर थायलेरियाचा, डोळे-हिरड्या पिवळ्या पडून लघवी मात्र लाल नसली तर ॲनाप्लाझ्माचा. परंतु हा सारा संशयच. खात्री काचेवर होते.

ही काच म्हणजे काही जादू नव्हे. जनावराच्या कानाच्या टोकाची शीर टोचून एक थेंब काचपट्टीच्या एका टोकास घ्यावयाचा. दुसऱ्या काचेच्या कडेने तो एका झटक्यात पुढे पसरावयाचा, म्हणजे पातळ थर होतो. हवेत वाळवावयाचा, स्पिरिटच्या जातीच्या मिथेनॉलने पक्का करावयाचा, आणि गिम्सा नावाचा निळा-जांभळा रंग अर्धा-पाऊण तास द्यावयाचा. मग तेलाचा थेंब टाकून सर्वांत मोठ्या भिंगाखाली पाहावयाचे. तांबड्या पेशीच्या पोटात अंगठीसारखे किंवा स्वल्पविरामासारखे बारीक ठिपके दिसले तर थायलेरिया. पेरूच्या आकाराची, टोकाशी टोक लावलेली जोडी दिसली तर बबेसिया. पेशीच्या कडेला टाचणीच्या डोक्यासारखा गर्द ठिपका दिसला तर ॲनाप्लाझ्मा. थायलेरियाच्या सुरुवातीस रक्तात काही दिसत नाही, तेव्हा खांद्यापुढील सुजलेल्या गाठीत सुई घालून तेथील पाणी काचेवर घेतात. त्यात पांढऱ्या पेशींच्या आत निळे पुंजके दिसतात. त्यांस रॉबर्ट कॉखच्या नावाने ओळखतात. त्या मावशीच्या गाईच्या खांद्यापुढची अंड्याएवढी गाठ आम्हांस राहून राहून आठवते, ती यासाठी.

काच चुकत नाही असे नाही. गावरान जनावरात चार-दोन जंतू असूनही ताप दुसऱ्याच कारणाचा असू शकतो. उलट जंतू थोडे असले तर काच कोरी दिसते. म्हणून वाचणारा पशुवैद्यच पाहिजे, आणि कोऱ्या काचेने समाधान न झाल्यास पुढची पायरी आहे. २०२० च्या करोनात नाकात काडी घालून जी पीसीआर तपासणी झाली, तीच पद्धत रक्ताच्या थेंबात लपलेल्या मूठभर जंतूंनाही हुडकते. ती मोठ्या प्रयोगशाळेतच होते. परंतु काच? तिला काचपट्टी, रंग, एक सूक्ष्मदर्शक व पाहणारे डोळे एवढेच पाहिजे. आमच्या भागातील एका दवाखान्यात आम्ही स्वतः गेलो असता सूक्ष्मदर्शक कपाटावर, पिशवीत गुंडाळलेला दिसला. विचारले तर उत्तर मिळाले, "कोणी तपासणी मागतच नाही." आम्हांस राग आला, पण घरी येताना बसमध्ये विचार केला. खरेच, आमच्यापैकी कितीजणांनी आजवर "आधी रक्त पाहा" म्हणून सांगितले? आम्ही सांगतो, "साहेब, जोराची सुई द्या." जे मागतो तेच मिळते.

यात दवाखान्याचा दोष नाही असे कोणी समजू नये. पगार कामाचा आहे, आणि यंत्र कपाटावर ठेवण्यासाठी सरकारने घेतलेले नसते. या देशात जनावरांच्या रोगांची पहिली सरकारी प्रयोगशाळा निघाली ती आपल्या महाराष्ट्रातच, पुण्यास, १८८९ साली. लिंगार्ड नावाचा साहेब तिचा मुख्य. १८९३ साली ती उचलून कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरास नेली. थंड हवा आणि वस्तीपासून दूर जागा पाहिजे होती म्हणून. तिचीच पुढे इज्जतनगरची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. त्या घराण्याच्या कामातून बुळकांडीवर लस आली, आणि ज्या बुळकांडीने आमच्या आज्या-पणज्यांच्या दावणी ओस पाडल्या, ती २००६ साली या देशातून व २०११ साली साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. प्रयोगशाळा दूर होती म्हणून काम अडले नाही. आणि आता तर दूरही राहिली नाही. परभणीस पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासून आहे, उदगीरला दुसरे आहे, पुण्यास औंध येथे रोग अन्वेषण विभाग आहे, आणि जालना १ मे १९८१ रोजी वेगळा जिल्हा झाल्यापासून जिल्ह्याचे गाव आम्हांस एका बसच्या टप्प्यावर आले आहे. वाळवून कागदात गुंडाळलेली काचपट्टी शर्टाच्या खिशात मावते. भोकरदनहून, जाफराबादहून, मंठ्याहून, घनसावंगीहून ती दुपारपर्यंत पोहोचते. मग ती निघत का नाही?

फवाऱ्याच्या औषधाचीही तीच कथा. औषध लागू पडेना म्हणून आमचे बंधू प्रमाण दुप्पट करतात, तिप्पट करतात, आणि शेवटी कपाशीवरचे विष गाईच्या पाठीवर मारतात. यात गाय मेलेली आम्ही पाहिली आहे, आणि विषाचे दूध घरातील लेकरांच्याच पोटात जाते. औषध का लागू पडत नाही याचा शोध घेण्याचीही रीत आहे. पोट भरलेल्या माद्या गोळा करून, तोलून, त्यांचे गट पाडतात; एक गट नुसत्या पाण्यात, बाकीचे औषधाच्या कमी-जास्त प्रमाणात दोन मिनिटे बुडवितात; मग कोरडे करून उबदार, दमट कपाटात ठेवतात आणि कोण मेली, कोणी किती अंडी घातली, हे अंड्यांचे वजन करून पाहतात. पिल्लांसाठी औषधाने भिजवून वाळविलेल्या कागदाची पुडी करतात, त्यात शंभरेक पिल्ले कोंडतात व दुसऱ्या दिवशी मेलेली मोजतात. अशा पडताळणीतून देशातील अनेक राज्यांत डेल्टामेथ्रिन व सायपरमेथ्रिन यांना न जुमानणारे गोचीड सापडले आहेत. जे मेले नाहीत त्यांचीच पिल्ले वाढली. बियाणे निवडण्याचे हे तत्त्व बियाण्याच्या धंद्यावर नाव कमावलेल्या जालन्यास कोणी शिकवावे? आपल्या गावचा गोचीड कोणत्या औषधाला भीत नाही, हे कळावयाचे तर फवारणीच्या आधी पाच-पंचवीस जिवंत माद्या भोके पाडलेल्या झाकणाच्या बाटलीत, ओलसर कापसाच्या बोळ्यासह, पशुवैद्याच्या हवाली केल्या पाहिजेत. गोचिडाच्या जातीची नुसती ओळख पटवावयाची असेल तर सत्तर टक्के अल्कोहोलात बुडविलेले चालतात. पण औषधाची परीक्षा मेलेल्यांवर होत नाही.

थायलेरियावर लसही आहे, हे आमच्या पुष्कळ बांधवांस ठाऊक नाही. जंतू प्रयोगशाळेत गाईच्या पेशींत वाढवीत, पुन्हा पुन्हा नव्या बाटलीत बदलीत, इतके दुबळे करतात की ते रोग देत नाहीत, पण अंगास झुंज शिकवितात. तिचे नाव रक्षावॅक-टी. ती जिवंत लस असल्याने द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत ठेवावी लागते, म्हणजे ज्या जातीच्या पात्रात रेतनाच्या कांड्या ठेवतात तशाच पात्रात. आता विचार करा. गाव तेथे कांडीचे पात्र पोहोचते. मोटारसायकलवर फिरून विकणाऱ्याकडेही ते असते. संकरित कालवड जन्मास घालण्याची सोय गावोगाव झाली, पण तिला जगविणारी लस विचारली तर "मागणी कळवा, पाहू" असे उत्तर! पाहुणीस घरी आणावयाचे आणि अंथरूण द्यावयाचे नाही, ही कोणती रीत? आमचे स्पष्ट म्हणणे आहे की संकरित पैदाशीचा कार्यक्रम राबविणाऱ्या प्रत्येक खात्याने व प्रत्येक दूध संघाने काचेची तपासणी व ही लस त्याच दारात आणावी. दुधाची डिग्री लावावयास यंत्र आहे, चरबीच्या एकेका ठिपक्यावर भाव कापतात, आणि ज्या कासेतून ते दूध येते तिचे रक्त पाहण्यास यंत्र नाही?

हा प्रश्न ज्यांच्या घरी गाय आहे त्यांचाच आहे, असे सुतार, लोहार, कुंभार बंधूंनी समजू नये. शेळी तर बहुतेकांच्या दारी आहे. कातडे कमावणाऱ्या बांधवांस विचारा, गोचिडाने चावलेल्या कातड्यावर किती डाग व भोके निघतात व त्याचा भाव किती पडतो. धनगर दादांचे कळप शिवारभर फिरतात, त्यांच्यामागून गोचीडही फिरतात. एका घराने गोठा साफ केला व शेजारच्या चार घरांनी नाही, तर महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. गवंड्याने भेगा बुजवाव्या, लोहाराने दिव्याची ज्योत फिरवावी, आणि साऱ्या आळीने एकाच दिवशी हे करावे. गणपती-दांडियास वर्गणी निघते, लग्नात डीजेस हजारो उडतात, आणि काचपट्ट्यांच्या एका डब्याला गाव गरीब होते काय?

आम्ही आमच्यापुरते एक केले. मावशीच्या गाईवरचे गोचीड बाटलीत घालून ठेवले होते. शेजारच्या गावी हायस्कूलच्या विज्ञान खोलीत एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. तेथील शिक्षकांनी तो पुसून दिला. आमच्या सातवीच्या मुलांनी रांगेने गोचिडाचे तोंड पाहिले. त्याला मागे वळलेले दात आहेत, करवतीसारखे. म्हणून तर तो ओढला तरी सुटत नाही. पायांवरच्या फिकट कड्या मोजून एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, हा भिंतीतला." ती मावशीचीच भाची. रक्ताची काच वाचणे शाळेचे काम नव्हे, तितके मोठे भिंगही तेथे नाही. पण कोणत्या शत्रूचे घर कोठे आहे एवढे त्या पोरांस कळले, आणि त्याच आठवड्यात दोन घरांच्या गोठ्यांना चुना लागला.

आता पोळा येईल. आदल्या दिवशी खांदेमळणीस आपण बैलाचा खांदा हळद-तुपाने मळू. त्याच वेळी हात थोडा पुढे, खांद्यासमोरच्या खोलगट जागेत दाबून न्यावा, दोन्ही बाजूंस. मग तसाच गाईच्या व कालवडीच्या अंगावर. निरोगी जनावराची गाठ कशी लागते हे ज्याच्या बोटांस ठाऊक झाले, त्याला सुजलेली गाठ अंधारातही कळते. आणि ती लागली, अंग तापलेले असले, तर सुईच्या आधी काच मागावी. पशुवैद्याने कुरकुर केली तरी मागावी.